निम्म्या सायकलीचा भाव

पुण्यात काही माणसं वस्तू विकत घेतात आणि काही तिचा भाव काढतात. आमच्या इमारतीतले नाना दुसऱ्या जातीचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःसाठी फारशी खरेदी केलेली नाही; पण इमारतीत आलेला प्रत्येक फ्रिज, पंखा आणि कुकर त्यांच्या चौकशीतून पार पडूनच स्वयंपाकघरात पोचला आहे. त्यामुळे माझी भाची जिन्यात सहज म्हणाली की, तिला शिकण्यापुरती एक स्वस्तातली एकचाकी सायकल हवी आहे, तेव्हाच ते काम तिच्या हातातून गेलं.

"केवढ्याला पडते?"

तिनं मोबाइलवरचा आकडा दाखवला. नानांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला.

"अगं, ही निम्मी सायकल! एक चाक कमी, हँडल नाही, चेन नाही, ब्रेक नाही, कॅरिअर नाही, साधी घंटीसुद्धा नाही. आणि पैसे अख्ख्या सायकलीचे?"

हा सिद्धान्त घेऊन नाना बुधवारी जुन्या बाजारात गेले. तिथे गंजलेल्या सायकलींच्या ढिगापुढे उकिडवे बसून त्यांनी एका चाकाचा भाव विचारला. विक्रेत्यानं सांगितला. नाना घासाघीस करू लागले, तसा तो वैतागून म्हणाला, "काका, तेवढ्यातच दुसरं चाकही न्या, पण उठा." नानांना हा अपमान वाटला नाही. एका चाकाला वेगळी किंमतच नसते, असा सोयीस्कर अर्थ त्यांनी त्यातून काढला.

मग त्यांनी ती बनवूनच घ्यायची ठरवली. लहान मुलाची जुनी सायकल कापायची, चाक, चिमटा आणि सीट ठेवायची, झालं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं मात्र हातातला पाना खाली ठेवून त्यांना नीट समजावलं. एकचाकीत पॅडल थेट हबच्या आसाला जोडलेलं असतं. फ्रीव्हील नसतं, त्यामुळे पाय थांबले की चाक थांबतं आणि पाय उलटे फिरले की चाकही मागं जातं. तोल सांभाळायला शिकणारा सारखा पुढं-मागं रेटत राहतो. त्या ओढाताणीत साध्या कॉटर पिनवर बसवलेला क्रँक चार दिवसांत खुळखुळायला लागतो. "ही वेल्डिंगची गोष्ट नाही, नाना."

गेले तेव्हा नाना गिऱ्हाईक होते, परत आले ते तज्ज्ञ होऊन. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी जाहीर केलं, "मोठ्या माणसानं शिकायला चाक वीस इंची. सीट बेंबीच्या उंचीला. कॉटर पिन असली तर फुकट दिली तरी घ्यायची नाही." तळमजल्यावरच्या छोट्याच्या तीनचाकीचं पुढचं चाक याच तत्त्वावर चालतं, हे दाखवायला त्यांनी ती उलटी केली आणि छोट्यानं भोकाड पसरलं.

परदेशी मालाला नानांचा मुळातच विरोध. "हा खेळ सर्कशीतला. आणि आपल्याकडं सर्कस काढली कुणी? अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी, १८८०च्या सुमारास! म्हणजे ही वस्तू सांगलीकडं स्वस्त मिळायला हवी." त्यांनी सांगलीच्या साडूंना फोन केला. साडूंनी हळदीचा भाव सांगितला.

शेवटी नाना तत्त्वज्ञानावर आले. "मुळात शिकायची वस्तू विकत घेतच नाहीत. आम्ही तासावर भाड्यानं सायकल आणायचो, नळीखालून पाय घालून हाफ पॅडल मारायचो आणि गुडघे फोडून घेऊन परत द्यायचो. सायकल वाकली तर दुकानदाराची, गुडघा आपला. एकचाकी भाड्यानं देणारं दुकान नाही, हे या शहराचं अपयश आहे."

ही मीमांसा चालू असतानाच भाचीनं सायकल आणली. कॉलेजातल्या एका सीनियरला बंगळुरात नोकरी लागली होती आणि त्याला खोली रिकामी करायची होती.

"केवढ्याला?"

"नव्याच्या निम्म्या किमतीत."

नानांचा चेहरा उजळला. "बघ! निम्मी सायकल, निम्मा भाव. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

त्यांनी क्रँक हलवून पाहिला, खुळखुळ नव्हती. डाव्या पॅडलचे आटे उलटे असल्याची खात्री केली. मग पार्किंगमध्ये खुर्ची टाकून शिकवणी सुरू झाली. "भिंत धर. भार सीटवर टाक, पॅडलवर नको. खाली काय बघतेस, समोर बघ! पडायचं तर पुढं उतर आणि हातानं सीट धर." स्वतः नाना त्या सायकलीवर एकदाही बसले नव्हते, पण सूचना तंतोतंत बरोबर होत्या. महिन्याभरात भाची भिंत सोडून गेटपर्यंत जाऊ लागली.

तेवढ्यात शेजारच्या सोसायटीतली पोरं विचारायला आली, अशी कुठं मिळेल. नानांनी त्यांना बसवून घेतलं, वही काढली आणि भाचीला बाजूला घेतलं. "तू दिवसभर कॉलेजात. सायकल पार्किंगमध्ये नुसती उभी. अर्ध्या तासाला वीस रुपये, डिपॉझिट वेगळं. तुझे पैसे दिवाळीपर्यंत वसूल." ती हसून हो म्हणाली.

परवा रविवारी सकाळी ती हेल्मेट घालून खाली आली, तर नाना खुर्चीत वही घेऊन बसलेले.

"नाना, सायकल?"

"दुपारपर्यंत बुकिंग आहे," नाना वहीतून मान वर न करता म्हणाले. "साडेबाराचं नाव लिहू का तुझं? डिपॉझिट नको, घरचीच आहेस."