नगद नारायण आणि हिंगाचा डबा

आमच्या बीड जिल्ह्यात गड म्हटलं की बुरूज आणि तोफा शोधत बसू नये, टाळ-मृदंग ऐकावा. नारायणगड तर आमची धाकटी पंढरी. इथले संत नगद नारायण महाराज. बाकीच्या महाराष्ट्रात नगदनारायण म्हणजे खिशातली रोकड. आमच्याकडं नगद नारायण गडावर आणि खिशात आधार कार्ड. एकादशीला मी पायरीवर डोकं टेकवतो, तेव्हा मागं उभी असलेली बायको हळूच म्हणते, "नाव घेताव तर नीट घ्या, अर्धं तरी खिशात उतरू द्या."

उतरायचं कसं? आमच्याकडं पैसा येण्याआधीच त्याची जायची वाट आखलेली असते. सोसायटीचं पीककर्ज, त्यावर सोनेतारण, बायकोचा बचत गट आणि दर मंगळवारी फटफटीवरून येणारा फायनान्सवाला. खासगी सावकाराचा 'शेकडा पाच' ऐकायला किती गरीब वाटतो! पण तो महिन्याचा असतो. दहा हजार घेतले की वर्षाला सहा हजार नुसतं व्याज, आणि मुद्दल जिथल्या तिथं, देवळातल्या कासवासारखं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हिशेब तर मुळातच उलटा. जग आधी राबतं, मग पैसे घेतं. इथं 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती मुकादमाकडून आधी उचल घेते, उचल पावसाळ्यातच खाऊन संपते आणि मग हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. त्या माणसाला 'सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा' असं सांगायचं माझं तरी धाडस नाही. त्याचे सहा महिने आधीच खर्ची पडलेले असतात.

शिल्लक कशी असावी हे बघायचं तर बीडजवळची खजाना विहीर बघावी. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती. तिला पाणी आणणारे बोगदे दोन आणि बाहेर नेणारा एक. सगळं अर्थशास्त्र एवढंच. आमच्या घराला आत येणारा बोगदा एक, तोही पावसाच्या मर्जीवरचा, आणि बाहेर जाणारे मी मोजायचं सोडून दिलं आहे.

शिल्लक टाकायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एका मल्टिस्टेट पतसंस्थेत जास्त व्याजाच्या आशेनं ठेव ठेवली. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे ज्ञान मला शटर खाली आल्यावर झालं. ठेवीची पावती अजून जपून ठेवली आहे. कागद चांगला जाड आहे.

तर अशा आमच्या घरात गहू पोटरीत असताना विहिरीची मोटार जळाली. मोटार भरायला पाच हजार लागणार होते, आणि गव्हाला थांब म्हणता येत नाही. मी मास्तरांकडं गेलो. पगारदार माणूस, पण त्यांचा पगारही घराचा आणि गाडीचा हप्ता देऊन पाहुण्यासारखा महिनाभरात एकदा तोंड दाखवून जातो. मास्तर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघतो की."

संध्याकाळी त्यांनी खरंच पुडकं हातात ठेवलं. शंभराच्या पन्नास नोटा, साडीच्या काठाच्या चिंधीनं बांधलेल्या. मी घरी येऊन मोजायला बसलो आणि बायकोनं नाक वर केलं.

"हिंगाचा वास येतोय."

"मास्तरांच्या घरी आमटी असंल."

"आमटीचा न्हाई. मपल्या घरातल्या डब्याचा हाय."

इथं थोडं मागं जावं लागेल. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला टीव्हीवर नोटाबंदीची घोषणा झाली, आणि साडेआठला माय हिंगाचा डबा घेऊन ओसरीवर आली. आतून पाचशेच्या तेवीस नोटा निघाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात बापाला जे कळलं नव्हतं, ते त्या अर्ध्या तासात कळलं. तेव्हापासून माय फक्त शंभराच्या नोटा ठेवते. "सरकारचा डोळा मोठ्या नोटांवर असतो. शंभराकडं कोण बघतंय?"

चिंधी उलगडली. मायच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ!

तपास केला तेव्हा गावाचा पतपुरवठा उलगडला. मास्तरांकडं पैसे नव्हते, पण नाही म्हणणं जिवावर आलं, म्हणून त्यांनी गिरणीवाल्याकडून घेतले. गिरणीवाल्याकडंही नव्हते, म्हणून त्यानं आपल्या बायकोला गाठलं. ती सकाळी हरिपाठाला मायच्या शेजारी बसते. प्रत्येकानं पुढच्याला 'मलाच लागत्यात' असं सांगितलं, कारण दुसऱ्याची नड चव्हाट्यावर मांडणं आमच्यात बरं दिसत नाही. म्हणजे पाच हजार रुपये माझ्या स्वयंपाकघरातून निघाले, गावभर हिंडले आणि माझ्याच ओसरीवर कर्ज होऊन परत आले. देणी मात्र चार झाली. मी मास्तरांचा, मास्तर गिरणीवाल्याचे, तो बायकोचा, ती मायची. एखादा पाहणीवाला वही घेऊन आला असता, तर त्यानं गावावर वीस हजारांचं कर्ज लिहिलं असतं. खऱ्या नोटा पन्नासच, आणि त्याही शंभराच्या.

मी मायला विचारलं, "अगं, घरात पैसे होते तर मला का नाही दिलेस?"

ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू मागितलेस का?"

"आणि मागितले असते तर?"

"तर न्हाई म्हणले असते. तुला दिलेले पैसे परत येत न्हाईत, बाबा. तू मला द्यायला लाजत न्हाईस. मास्तरला द्यायला लाजशील, मास्तर गिरणीवाल्याला लाजंल. चार जणांच्या लाजंतून आले की पैसे बरोबर येत्यात."

गहू विकल्यावर मी मास्तरांना पाचशेच्या दहा नोटा दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मायनं मला हाक मारली, दाराकडं एकदा बघितलं आणि त्याच दहा नोटा माझ्या हातात ठेवल्या.

"दुकानातून शंभराच्या करून आण," ती म्हणाली. "अन् घरी कुणाला सांगू नको."