दीपोत्सवी आकाशदर्शन

आकाशदर्शनाचा सोहळा सहकुटुंब पार पडावा आणि अंधारात कोणाचे मूल चुकू नये, या उदात्त हेतूने आमच्या नगरपालिकेने उद्यानातील यच्चयावत हायमास्ट दिवे रात्रभर प्रज्वलित ठेवण्याचा जो हुकूम फर्मावला, त्याची तारीफ करावी तितकी थोडीच. गॅलिलिओला १६१० साली गुरूचे चार चंद्र दिसले खरे. पण त्या बिचाऱ्यापाशी ना ध्वनिक्षेपक होता, ना स्वागताध्यक्ष. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे २५ लक्ष वर्षांचा प्रवास करून आला; तथापि आगमनाची पूर्वसूचना दप्तरी दाखल नसल्याने तो फाटकाबाहेरच राहिला, हे कायद्यास धरूनच झाले. यापुढे प्रत्येक नक्षत्राने आपल्या तेजाचा तपशील नमूद करून रीतसर अर्ज करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. दुर्बिणीपुढची रांग मात्र शेवटपर्यंत हटली नाही. शनीचे कडे म्हणून बालगोपाळांनी जे डोळे भरून पाहिले, ते समोरच्या सराफी दुकानाच्या फलकावरचे होते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, त्या मागासलेल्या मुलखात दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवलेली आहेत आणि तारे अर्जावाचून दिसतात.