एका फेरीत पाच गावे: साडूंसाठी मार्गदर्शन

आमचे साडू मे महिन्यात युरोप करून आले. दहा दिवसांत पॅरिस, झुरिक, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना. तेही कुठल्या टूरच्या झेंड्यामागे न पळता, स्वतः तिकिटे काढून, रेल्वेने. तेव्हापासून आमच्याकडे पान वाढले की पहिल्या घासालाच ‘झुरिकला आम्ही सहा मिनिटांत गाडी बदलली’ हे वाक्य येते. आता दिवाळीत ते नगर जिल्हा करणार आहेत आणि तोही एसटीने, कारण युरोपात तरी कुठे स्वतःची गाडी होती? त्यांनी रंगीत तक्ता पाठवला आहे. शनिवारी शिर्डी, शिंगणापूर, नेवासे. रविवारी भंडारदरा, सिद्धटेक. रात्री जेवायला पुण्यात घरी. प्रत्येक गावापुढे रकाना: ‘बदल, १५ मिनिटे’.

त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या नशिबी असा साडू आहे त्या सर्वांसाठी, पुढील नियम.

नियम पहिला. जिल्ह्याला जिल्हा समजू नये. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४, महाराष्ट्रात सर्वांत मोठा. माँटेनेग्रो हा आख्खा देश यात मावून वर जागा उरते. भंडारदरा एका टोकाला सह्याद्रीत, सिद्धटेक दुसऱ्या टोकाला भीमेकाठी. हे दोन्ही एका रविवारी करणारा माणूस दोन्हीकडे फक्त स्टँड पाहतो.

नियम दुसरा. गाव विचारू नये, फाटा विचारावा. आमच्याकडे प्रवास गावांचा नसतोच, फाट्यांचा असतो. नगरहून संभाजीनगरच्या गाडीत बसा. घोडेगावला उतरलात तर शिंगणापूर आत पाच-सहा किलोमीटर. त्याच रस्त्याने पुढे नेवासा फाटा, तिथून नेवासे आत. म्हणजे ही दोन ठिकाणे एका सरळ रेषेत, एका दिवसात, न धापा टाकता होतात. ही गोष्ट साडूंच्या ॲपला ठाऊक नाही, घोडेगावच्या चहावाल्याला ठाऊक आहे. फाट्यावर काळ्यापिवळ्या जीपा उभ्या असतात. त्यांची वेळ एकच: भरली की सुटली.

नियम तिसरा. नावावर जाऊ नये. रेल्वेने श्रीरामपूरला यायचे तर तिकीट बेलापूरचे काढावे लागते, आणि बेलापूर गाव मात्र स्टेशनपासून दूरच. शिर्डीचे विमानतळ शिर्डीत नाही, काकडीला आहे. साडू इथे मान डोलावतात. पॅरिसच्या नावावर खपणारे बोव्हेचे विमानतळ शहरापासून ऐंशी किलोमीटर लांब आहे हे त्यांना परतीच्या दिवशी पहाटे कळले होते. खुद्द आमच्या शहराची पाटी आता अहिल्यानगर म्हणते, कंडक्टर ‘चला नगर, नगर’ म्हणतो. गाडी एकच असते.

नियम चौथा. स्टँड कोणते, हे दोनदा विचारावे. नगरला स्टँडे तीन: माळीवाडा, तारकपूर आणि पुणे स्टँड. ‘स्टँडवर भेटू’ या वाक्याने या शहरात किती सोयरिकी लांबल्या असतील! मी जन्माने नगरकर. तरीही लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत बायकोला आणायला गेलो आणि पाऊण तास तारकपूरला उभा राहिलो. ती माळीवाड्याला, दोन पिशव्या आणि चिवड्याचा डबा घेऊन. मोबाइल तेव्हा नव्हते. शेवटी रिक्षाने मी तिकडे गेलो आणि ती इकडे आली. पॅरिसलाही म्हणे मोठी स्टेशने सहा-सात आहेत. असोत. तिथे चिवड्याचा डबा नव्हता.

नियम पाचवा, आरक्षणाचा. साडूंकडे युरेल पास होता, तरी पॅरिसहून निघणाऱ्या वेगवान गाडीत जागेचे पैसे वेगळे भरावे लागले. ते दुःख त्यांनी आजवर मनात ठेवलेले नाही. आमच्याकडे आरक्षण रुमालाने होते. गाडी फलाटाला लागण्याआधी तिच्या बाजूने चालू लागावे, पळू नये. खिडकीतून हात कोपरापर्यंत आत घालून रुमाल सीटच्या मध्यभागी टाकावा. कडेला टाकलेला रुमाल म्हणजे अर्धाच हक्क. रुमाल फार स्वच्छ नसावा. स्वच्छ रुमाल लोक उचलून बाजूला ठेवतात.

नियम सहावा. पासाचा गर्व नको. एसटीचाही ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. पण आधी घरातली माणसे मोजावीत. पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. आमच्या घरात आई फुकट, बायको अर्धी, आणि पुरे तिकीट फक्त माझे. ‘दाजींना सांगा, ताईच्या नावाने हिशोब करा म्हणावं,’ असा बायकोचा निरोप आहे.

नियम सातवा. वार पाहावा. शनिवारी शिंगणापूर, गुरुवारी शिर्डी, संकष्टीला सिद्धटेक: गर्दी पाहायची हौस असेल तरच.

नियम आठवा. शेवटची गाडी कोणती, हे पहिल्या गाडीच्या आधी विचारावे. खेड्यात ती मुक्कामी असते. माझ्या आजोळी, अकोले तालुक्यात, दिवेलागणीला धुळीचा लोट दिसला की पोरे ओरडायची, ‘मुक्कामी आली!’ ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओट्यावर पथारी टाकायचे. कुणाच्या ना कुणाच्या घरून भाकरी आणि पिठले जायचे, आजीकडची पाळी मंगळवारी असे. पहाटे तीच गाडी दोनदा हॉर्न द्यायची. एखाद्या घरातून ‘थांबा हो, म्हातारी चप्पल घालतीये’ अशी हाक आली की गाडी थांबायची. हे तक्त्यात कुठल्या रकान्यात घालायचे, साडू?

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली, ती पुणे आणि नगर यांच्या दरम्यानच. म्हणजे तुमच्या प्रवासाचा पहिला टप्पा जुना आणि खात्रीचा आहे. पुढचे मी पाहतो. तक्त्यातली तीन गावे खोडली आहेत, शिंगणापूर आणि नेवासे ठेवली आहेत, आणि शनिवारचा रविवार केला आहे. नेवाशाला ‘पैस’ खांबापाशी तासभर नुसते बसायचे आहे, तिथे १५ मिनिटांचा रकाना चालणार नाही.

शनिवारी संध्याकाळी या. मी न्यायला येईन. फक्त उतरल्यावर फोन करण्याआधी शेजारच्या माणसाला विचारा, हे स्टँड कोणते.