खुरपणीशास्त्र

उभ्या पिकातले तण खुरप्याने मुळासकट काढणे म्हणजे खुरपणी. पेरणीला मुहूर्त असतो, तिफणीला हळदकुंकू लागते. खुरपणीच्या वाट्याला फक्त मालकाचा प्रश्न येतो: "बायांनो, उद्या येता का?"

हत्यार साधे आहे. वाकडे लोखंडी पाते, लाकडी मूठ आणि लोहाराने लावलेली धार. काम कधी करायचे हे मात्र माणूस ठरवत नाही, जमीन ठरवते. परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यातली काळी जमीन ओली असताना पाय धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. या दोहोंमधला वाफसा अख्ख्या शिवाराला एकाच वेळी येतो. त्या दोन-चार दिवसांत खुरपणाऱ्या बायांचा भाव वधारतो आणि एरवी गुरगुरणारा मालकही "मावशी" म्हणू लागतो.

बाया ओळीने बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या ठरावीक ओळी येतात; ती तिची पात. बसल्या बसल्या पुढे सरकायचे, तण उपटायचे, कपाशीचे रोप राखायचे आणि गावातल्या सोयरिकींचा निकालही लावायचा, ही चारही कामे एकदम चालतात. मालक बांधावर उभा राहून "इकडं राहिलं" एवढे पाचवे काम करतो.

तणांचे स्वभाव वेगवेगळे. केना चिकट, हराळी पसरट. लव्हाळा वरून कापला तरी जमिनीतल्या गाठीतून पुन्हा उगवतो. घोळ आणि तांदुळजा मात्र शेतात गुन्हेगार आणि संध्याकाळी कढईत पाहुणे ठरतात. पाथरी नावाची रानभाजीही याच मालिकेतली. पाथरीच्या शिवारात पाथरी खुरपून भाकरीबरोबर खाल्ली, तरी कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

याच पाथरी गावासाठी सोळाव्या शतकात अहमदनगर आणि वऱ्हाडचे सुलतान लढले. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. मालकीसाठी लढाया झाल्या, खुरपणीसाठी एकही झाल्याची नोंद नाही.

आता तणनाशकाचे पंप आले आहेत. फवारा चुकीचा पडला तर तणाबरोबर पीकही जळते. तण ओळखून पीक राखणारी नजर डब्यात मिळत नाही. ती ज्या बाईकडे आहे, तिचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. पीक कोणामुळे वाचले, हे तलाठ्याला नाही तरी मालकाला ठाऊक असते. मजुरी ठरवताना त्याने ते आठवावे.