लाल फुलीच्या आड

बावन्नातून सत्तावीस गेले. पोराने उत्तर लिहिले पस्तीस. लाल फुली पडली, पान उलटले.

जरा थांबा. दोनातून सात जाईनात, म्हणून त्याने सातातूनच दोन काढले. पाचातून दोन गेले, तीन उरले. पोरगा अंदाजाने नाही, नियमाने चुकला आहे. हाच नियम तो उद्या दहा उदाहरणांना लावील. दहा फुल्या मिळाल्या, तरी त्याला हातचा कळेल का?

दुसऱ्या वहीत त्रेपन्नाचे ३५. बोलताना आपण तीन आधी म्हणतो, पन्नास मागून. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या पोराने जसे ऐकले तसे लिहिले.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या ‘पन्नास तीन’वरून राज्यभर रण माजले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कारण समजावून थकल्या. पुस्तकावर सगळे बोलले. वही कोणी उघडली?

तसे वहीतले वर्गकार्य सरकारदरबारी नवे नाही. २०१० च्या शासन निर्णयाने त्याला वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचे साधन मानले. कागद चांगलाच होता. पण मुलांविषयीच्या वर्णनात्मक नोंदी मोबाईलवर तयार मिळू लागल्या. शिरपूरच्या पोराची आणि रावेरच्या पोरीची नोंद शब्दशः एक.

वह्या रद्दीत.

२०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकातच मुलांना लिहायला कोरी पाने शिवली. दोन वर्षांत तीही गेली. पाने होती, वाचायला वेळ कोणाला होता?

गुरुजींना तर नव्हताच. एका खोलीत दोन इयत्ता, वर सर्वेक्षण, निवडणूक आणि रोजची ऑनलाइन माहिती. त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे, म्हणूनच ते चूक आहे.

गणिताचा अभिमान मात्र आपल्याला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याची ती नोंद. भाषणात आपण तो मिरवतो. त्याच तालुक्यातल्या चौथीच्या वहीतला हातचा कोण बघतो?

शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होतेच. पुढच्या परिषदेत स्लाइड नकोत. प्रत्येक शिक्षकाने चुकलेल्या गणितांच्या तीन वह्या आणाव्यात आणि पोरगा असा का चुकला, यावर सगळ्यांनी तासभर बोलावे. खर्च शून्य. जळगाव-धुळ्याच्या केंद्रप्रमुखांनो, याच महिन्यात करा.