जाच कमी करण्याचा उद्योग

उद्योगांवरील नियामक भार, म्हणजे परवाने, नोंदण्या, विवरणपत्रे आणि तपासण्या यांत खर्ची पडणारा वेळ व पैसा, हलका करण्याचा भारत सरकारचा निर्धार इतका दृढ आहे की, त्यासाठीही अधिनियम आणि समिती यांचाच आधार घेतला जातो. २०२३च्या जनविश्वास अधिनियमाने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदी बदलल्या. अनेक किरकोळ चुकांसाठीचा तुरुंगवास जाऊन त्या जागी दंड आला, आणि तो दर तीन वर्षांनी किमान रकमेच्या १० टक्क्यांनी वाढेल अशी तजवीजही झाली, त्यामुळे जिच्या वाढीची कायदेशीर हमी आहे अशी एक तरी गोष्ट व्यापाऱ्याच्या वाट्याला आली. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभता क्रमवारीत, म्हणजे धंदा करणे कोठे किती सोपे हे सांगणाऱ्या यादीत, भारत २०१४ ते २०१९ या काळात १४२व्या स्थानावरून ६३व्या स्थानी पोहोचला. मात्र त्यासाठीची पाहणी मुंबई व दिल्लीपुरतीच असल्याने मालेगावच्या यंत्रमागधारकाला आपला धंदा किती सोपा झाला, हे वर्तमानपत्रातूनच समजले. पुढे अन्य काही देशांच्या आकडेवारीतील गैरप्रकारांमुळे २०२१मध्ये ती क्रमवारीच बंद झाली. २०२५च्या अर्थसंकल्पाने बिगरवित्तीय क्षेत्रातील नियम, परवाने आणि परवानग्या यांच्या आढाव्यासाठी उच्चस्तरीय समिती जाहीर केली. सुधारणेचे खरे मोजमाप मात्र रद्द कलमांच्या संख्येने नव्हे, तर लहान उद्योजकाच्या वाचलेल्या हेलपाट्यांनीच व्हायला हवे.