मी, वय वर्षे सत्तर

सत्तरीचा मी तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडला नाही. तो कानाने जरा कमी ऐकतो, मला अरे-तुरे करतो आणि काहीही विचारलं की आधी ‘तुला काय करायचंय?’ म्हणतो. वर त्याला भेटायला पैसे मोजावे लागतात, कारण तो एका काउन्सेलर मॅडमच्या केबिनमध्ये, समोरच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसतो. खुर्ची तशी अगदीच रिकामी नव्हती. तिच्यावर मॅडमचं हेल्मेट आणि डब्याची पिशवी होती. ती त्यांनी उचलून खिडकीत ठेवली, तेव्हा कुठे माझ्या भविष्याला जागा झाली.

दुखणं तसं किरकोळ. मी बँकेत आहे, वय चोपन्न, आणि आमच्याकडे व्हीआरएस येणार अशी कुजबुज आहे. २०००-०१ साली सरकारी बँकांमधून लाखभर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली, तेव्हा मी नवखा होतो. एकामागून एक साहेबांच्या निरोप समारंभांत सामोसे खाता खाता मी मनाशी पक्कं केलं होतं, की आपली पाळी आली की मागे वळून बघायचं नाही. आता पाळीची नुसती चाहूल लागली, तर पहाटे तीनला टक्क जाग यायला लागली. घ्यावी की घेऊ नये? घेतली तर दापोलीला जाऊन राहावं, की ठाण्यातच बसून दिवसभर वॉचमनशी हुज्जत घालावी? नाही घेतली आणि बदली झाली तर? हे सगळं मी छताच्या पंख्याला विचारत पडायचो. शेवटी बायको म्हणाली, “अहो, पंख्याला फी पडत नाही हे खरं, पण तो उत्तरही देत नाही. कुणाला तरी दाखवून या.”

मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. मला ‘सर’ म्हणत होत्या, पण जिभेवर ‘काका’ येऊन परत जात असलेला स्पष्ट दिसत होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, समजा, सत्तर वर्षांचे तुम्ही या खुर्चीवर बसलाय. तुमचा निर्णय कधीच होऊन गेलाय, सगळं नीट मार्गी लागलंय. त्यांना विचारा, कसं जमलं.”

मी खुर्चीकडे पाहिलं. माणूस आपल्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. एकदम ‘अरे’ कसं म्हणायचं? मी जरासा उठलो आणि म्हणालो, “नमस्कार. या, बसा.”

“ते बसलेलेच आहेत,” मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी मला त्या खुर्चीवर पाठवलं. विचारायचं इकडून, उत्तर द्यायचं तिकडे जाऊन. पद्धत अशी आहे, की प्रत्येक वाक्यागणिक उठायचं, दोन पावलं चालायचं, बसायचं. सत्तरीचा अभिनय मला करावाच लागला नाही, चौथ्या खेपेला गुडघ्यांनी आपणहून सुरू केला.

“तुम्ही ती व्हीआरएसची काळजी कशी संपवलीत?” मी इकडून विचारलं. उठलो, गेलो, बसलो. मॅडम पेन उघडून तयार. मी डोळे मिटले. खूप आतून काहीतरी येईल म्हणून थांबलो. आलं ते असं: “आठवत नाही रे. बरीच वर्षं झाली.”

मॅडमनी पेन बंद केलं.

आता हे खूळ त्यांचं एकटीचं आहे असं समजू नका. त्याला चांगली शंभर वर्षांची परंपरा आहे, हे मी बँकेच्या वेळात वाचून काढलं. याकोब मोरेनो नावाच्या एका डॉक्टरने १ एप्रिल १९२१ रोजी व्हिएन्नाच्या एका नाट्यगृहात रंगमंचावर नुसतं एक सिंहासन आणि मुकुट ठेवला आणि प्रेक्षकांना म्हणाला, या, बसा, देश चालवून दाखवा. युद्धात हरून होरपळलेला देश तो. त्या संध्याकाळी कुणालाच ते जमलं नाही आणि प्रयोग साफ पडला. मोरेनो मात्र त्या तारखेला आपल्या ‘सायकोड्रामा’चा जन्मदिवस मानत आला. तारीख पुन्हा वाचा. पुढे साठच्या दशकात फ्रिट्झ पर्ल्स याने कॅलिफोर्नियात एसालेन इथे ती रिकामी खुर्ची गाजवली. लोक तिच्यावर आईला बसवत, बापाला बसवत, स्वतःच्या रागाला बसवत. आणि भविष्यात जाऊन तिथून मागे बघायची युक्ती मिल्टन एरिकसनची. त्याने १९५४ साली एक निबंधच लिहिला: रुग्णाला संमोहनाखाली बरं झाल्यानंतरच्या दिवसांत न्यायचं आणि तिथे विचारायचं, की बाबा, बरा कसा झालास? मग त्याने सांगितलेला उपाय आज त्याच्यावरच करायचा. डॉक्टरने रुग्णाकडूनच प्रिस्क्रिप्शन लिहून घ्यायचं आणि फीही घ्यायची, यापेक्षा सुरेख धंदा मला बँकिंगमध्येही आढळलेला नाही.

आपल्याकडे समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक केले. मन एकदाही उलटून बोललं नाही. माझं बोलतं, हाच सगळा घोटाळा.

मॅडमनी गृहपाठ दिला: घरी सराव करा, आणि सत्तर वर्षांच्या तुमचा चेहरा नीट डोळ्यांसमोर आणा. याला शास्त्राधार आहे. हाल हर्शफील्ड हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांनी २००९ साली मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं, की माणूस स्वतःच्या पुढल्या वयाचा विचार करतो, तेव्हा मेंदूतली हालचाल ही परक्या माणसाचा विचार करताना होते तिच्या वळणावर जाते. म्हणजे सत्तरीचा मी हा माझ्या मेंदूच्या लेखी कुणीतरी तिऱ्हाईत गृहस्थ. त्याच्यासाठी आज पैसे कोण बाजूला टाकेल? हाच माणूस पुढे २०११ साली लोकांना संगणकावर त्यांचे म्हातारे चेहरे दाखवायला लागला, तर ते बघून लोक निवृत्तीसाठी जास्त पैसे ठेवायला तयार झाले.

तेव्हा मुलीने माझा फोटो मोबाइलमधल्या त्या ॲपमध्ये घातला. २०१९ मध्ये ज्याने सगळ्या देशाला एका आठवड्यात म्हातारं केलं होतं, ते ॲप. भुवया पांढऱ्या झाल्या, गाल ओघळले, गळ्याला पोळी आली आणि पडद्यावर माझे धाकटे मामा हसत होते. हुबेहूब. आता धाकट्या मामांचं असं आहे, की त्यांनी आयुष्यभर आख्ख्या खानदानाला सल्ले दिले आणि ज्यांनी ते मानले ते सगळे आज भाड्याच्या घरात आहेत. डोंबिवलीचा प्लॉट ‘इथे कोण राहायला येणारे?’ म्हणून आजोबांना विकायला लावणारे हेच. त्या तोंडाने मला सांगितलं, “व्हीआरएस घे,” तेव्हा मी क्षणभरात नोकरीत राहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ब्रँच मॅनेजरांनी सगळ्यांसमोर झापलं आणि ते ठरवणं तिथेच संपलं.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी २०२४ मध्ये आणखी पुढची मजल मारली. त्यांनी संगणकावर बोलणारा भावी मीच बनवला. तुमची माहिती भरा, साठीतले तुम्ही तुमच्याशी गप्पा मारता. ३४४ तरुण मंडळींवर प्रयोग केला आणि त्यांची काळजी कमी झाली म्हणे. होणारच. सगळे अठरा ते तीसचे. त्यांना साठी म्हणजे परलोक. मला ती सहा वर्षांवर आहे आणि आमच्या स्वयंपाकघराचा अडकणारा ड्रॉवर मी त्याच्या दुप्पट काळ ‘या रविवारी बघतो’ म्हणतोय.

तेवढ्यात नोव्हेंबर लागला. नोव्हेंबरात आमच्या शाखेत खरेखुरे सत्तरीचे लोक येतात, हयातीचा दाखला द्यायला. सकाळी दहाच्या आधीच पायरीवर रांग. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात रबर बँड लावलेलं पासबुक. त्या इवल्याशा मशीनवर अंगठा टेकवायचा तर झिजलेल्या रेषा उमटत नाहीत. मग अंगठा पुसायचा, पँटवर घासायचा, पुन्हा टेकवायचा. हात कुणाचा आणि हयात आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत दोघेही श्वास धरून. मी विचार केला, काल्पनिक म्हाताऱ्याच्या मागे कशाला लागायचं? एका निवृत्त मुख्याध्यापकांचा अंगठा तिसऱ्यांदा पुसता पुसता मी सहज विचारलं, “सर, तुम्ही आज माझ्या वयाच्या स्वतःला भेटलात, तर काय सांगाल?”

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“पासबुक प्रिंट करून दे म्हणेन,” ते म्हणाले. “चार महिन्यांचं राहिलंय.”

हे मला त्या सगळ्या निबंधांपेक्षा जास्त पटलं. कारण माझी एक शंका होतीच. तो खुर्चीवरचा शहाणा म्हणून येतो खरा, पण त्याला ज्ञान येणार कुठून? मला जेवढं ठाऊक, तेवढंच त्याला. डॅनियल गिल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एकोणीस हजारांहून अधिक लोकांना विचारून हे दाखवलंय: कुठल्याही वयाचा माणूस म्हणतो, की गेल्या दहा वर्षांत मी खूप बदललो, आता पुढे फारसा बदलणार नाही. म्हणजे सत्तरीचा मी म्हणून मी बनवला होता तो मीच, फक्त चष्म्याचा नंबर वाढवून. तो सरकारी खात्याच्या उत्तरासारखाच नवीन काही सांगत नव्हता.

एका माणसाने जमत नाही म्हटल्यावर मी दोन बोलावले. दुपारी घरी कुणी नसताना जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढल्या. उजवीकडे व्हीआरएस घेतलेला मी, डावीकडे साठीपर्यंत पूर्ण नोकरी केलेला मी. अध्यक्षस्थानी आजचा मी. म्हटलं, दोघांनी आपापली बाजू मांडावी, मी निकाल देतो. सुरुवातीला बरं चाललं. मग नोकरीवाल्याने व्हीआरएसवाल्याला विचारलं, “डावा की उजवा?” तो म्हणाला, “डावा. जिना उतरताना.” “माझाही डावाच. ऑपरेशन करणार का?” तिथून जे ते गुडघ्यांत शिरले, ते बाहेर येईनात. मग ज्येष्ठ नागरिकांना ठेवींवर मिळणारं अर्धा टक्का जादा व्याज. मग हल्लीची मुलं. त्यांचं इतकं जमलं, की अध्यक्षांकडे कुणी बघेना. मी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर उठबस करत दोघांचीही वाक्यं पुरवत होतो आणि मधल्यामध्ये मलाच बोलायला मिळत नव्हतं.

“एकट्यानेच संगीत खुर्ची?” दारात बायको. हातात भाजीची पिशवी, चपला अजून पायात. ती कधी आली कळलंच नाही.

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. शांतपणे भाजी टेबलावर ओतली, गवार पुढ्यात ओढली आणि मोडता मोडता म्हणाली, “बरं. व्हीआरएस घेतलेले कसे राहतात?”

“दापोलीला,” मी उत्साहाने म्हणालो. हे चित्र माझं पाठ होतं. “कौलारू घर, पुढे पडवी, समोर सुपारीची झाडं. सकाळी तो आरामखुर्चीत बसतो, पेपर येतो, चहा येतो...”

गवार थांबली. “चहा येतो म्हणजे?”

“म्हणजे येतो.”

“कुठून येतो?”

मी आठवून पाहिलं. आजवर एवढं बारकाईने बघितलं नव्हतं. कपबशी दिसत होती, कानाला टवका उडालेला कपही दिसत होता. “डावीकडून,” मी म्हणालो.

“डावीकडे कोण आहे?”

डावीकडे मी कधी बघितलंच नव्हतं. “तू असशीलच ना,” मी म्हणालो.

“असशीलच म्हणजे? दिसतेय की नाही?”

“दिसत नाहीस, पण...”

“म्हणजे मला पोचवून मग दापोलीला गेलात?”

“अगं, चहा कोण करेल मग?”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मी बघत होतो, पण धरता आलं नाही. नोकरीवाला आणि व्हीआरएसवाला दोघेही खुर्च्या सोडून केव्हाच पळाले होते. या एका बाबतीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त अनुभव असावा.

विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, “तू करून बघ ना. सहासष्टची तू. सोपं नाही ते.”

तिने हात पदराला पुसले आणि समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची बदलायला मात्र साफ नकार दिला. “मला नाही उठबस जमायची. इथूनच दोन्ही बोलते.” आणि जराही न अडखळता सुरू झाली:

“काय गं, कशी आहेस?”

“मजेत. बोल पटकन, पोहायला जायचंय.”

“पोहायला? तुला कुठे येतं?”

“शिकले. पन्नाशीतच शिकले, तुझ्याच वयाला.”

“कुठे असतेस?”

“ठाण्यातच. सकाळी तलावपाळीला एक फेरी, मग पोहणं, दुपारी मैत्रिणी. राहतं घर माझ्या नावावर करून घेतलं ते बरं झालं.”

मी दचकलो. हे कधी झालं होतं?

“आणि हे?” तिने विचारलं.

“हे ना? दापोलीला.”

“काय करतात?”

“चहाची वाट बघतायत.”

आणि तिने गवार पुन्हा मोडायला घेतली. ज्या प्रश्नापायी दिवाळीपासून माझ्या झोपेचं खोबरं झालं होतं, तो तिने निवडलेल्या शेंगांच्या ढिगाएवढ्या वेळात निकालात काढला होता. फक्त निकाल तिच्या बाजूचा होता.

मॅडमना हे मी पुढच्या भेटीत सांगितलं. त्या वहीत कितीतरी वेळ लिहीत राहिल्या, एवढं त्यांनी माझ्याबद्दल कधी लिहिलं नव्हतं. ‘डावीकडून’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढलेल्या मी उलटं वाचून पाहिल्या. व्हीआरएसचं परिपत्रक अजून आलेलं नाही, नुसती कुजबुजच आहे. येत्या शनिवारची साडेपाचची माझी वेळ मात्र बायकोने फोन करून स्वतःच्या नावावर करून घेतली आहे. फी माझ्या खात्यातून जाणार. मला बरोबर येऊ नका म्हणालीये, आणि पोहण्याच्या क्लासचा फॉर्म फ्रिजवर लावून ठेवलाय, सहीसाठी नव्हे, नुसता माहितीसाठी.